मिस्त्रीचा कान

माझी दोन बोटं ह्यांच्या खांद्यावर होती आणि समोर पुनाजीभाऊंची मोटारसायकल स्टँडवर उभी राहून निळा धूर सोडत होती. गाडी जशी वाजत होती तशी माझी बोटं वाजत होती. ठोका चुकला की बोट उचलायचं, असा आमचा नेम.

“बाईचा मिस्त्रीवर भरोसा नाई दिसत,” पुनाजीभाऊ इंजिनवर आवाज चढवून म्हणाले. “धरूनच ठेवते. पळून जाईन असं वाटते का?”

“ह्या वयात कोन नेते यायले?” मी म्हटलं. “कोनी नेतच असन तर सांगा, डबा बांधून द्याले तयार आहो मी.”

पुनाजीभाऊ खो खो हसले. बाकड्यावर बसलेली त्यांची बायको धुरपताबाई तोंडाला पदर लावून हसली. आणि हेही हसले. हे हसले ते आम्हाला हसताना बघून. त्यातलं एक अक्षर ह्यांना ऐकू आलेलं नव्हतं.

हे म्हणजे सदाशिव मिस्त्री, समुद्रपूरच्या बसस्टँडमागे ज्यांचं टिनाचं गॅरेज आहे ते. माझा नवरा. नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगणारा माणूस म्हणून अख्ख्या तालुक्यात ह्यांचं नाव, आणि गेली काही वर्षं ह्याच माणसाला गाडीचा आवाज येत नाही. हे ह्यांना ठाऊक, मला ठाऊक आणि आमच्या लेकीला, गुंजनला ठाऊक. चौथ्या माणसाला कळू द्यायचं नाही, असं ह्यांनी मला देवघरासमोर उभं करून बजावलं होतं. “बहिरा मिस्त्री म्हनतीन मले लोकं. थे मले सहन होनार नाई, अनुसया,” असं म्हणाले होते. एरवी नावानं कधी हाक न मारणारा माणूस. मी हो म्हटलं.

आता हे सगळं कसं झालं ते सांगते, म्हणजे मी खांद्याला चिकटून का उभी असते ते कळेल. नाहीतर वाचणारा म्हणेल, काय बाई आहे.

मी नालवाडीची, म्हणजे वर्ध्याची म्हणा ना. मॅट्रिक झालेली, बालवाडीत पोरांना बडबडगीतं शिकवणारी. बाबांनी “पोराच्या हातात कसब आहे” एवढं एक वाक्य ऐकलं आणि मला समुद्रपूरला देऊन टाकलं. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा मी ह्यांचं तोंड पाहिलंच नाही, माझी नजर गेली नखांवर. घासून घासून लाल केलेली बोटं आणि तरी नखांत काळं ते काळंच. मला इतका राग आला बाबांचा! पहिल्यांदा माहेरी गेले तेव्हा आईनं विचारलं, सुखी आहेस ना? मी म्हटलं, रॉकेलचा वास सोडला तर आहे.

आणि हे प्लगवेडे. वेडे म्हणजे वेडेच. स्पार्क प्लग म्हणजे केवढी वस्तू, बोटाएवढी. वर पांढरी चिनी माती, खाली आटे, आणि टोकाशी मधल्या काडीवर वाकलेलं एक बारीक लोखंडी शिंग. काडी आणि शिंग यांच्यामधल्या फटीत ठिणगी पडते आणि त्या ठिणगीवर गाडी पळते. नव्या प्लगाचं शिंग काडीवर पुरतं वाकलेलं असतं. हे म्हणायचे, “ठिनगीच्या डोक्यावर छप्पर कायले पाह्यजे? तिले मोकयं राहू द्या ना.” मग कानस घेऊन ते शिंग घासून घासून अर्धं करायचे, कडा धारदार करायचे, दाढीचं पातं फटीत घालून अंतर बघायचे. त्याला सगळे ‘कट मारणं’ म्हणत. एवढ्यावर थांबतील तर ते हे कसले. प्लग बसवताना त्याचं उघडं तोंड ज्या बाजूनं पेट्रोलची वाफ येते त्याच बाजूला आलं पाहिजे, हा हट्ट. त्यासाठी तांब्याच्या जाड-पातळ चकत्या, म्हणजे वायसरा, बदलत बसायचे. आत गेल्यावर तोंड कुठे आहे हे दिसायला मार्ग नाही, म्हणून वरच्या पांढऱ्या मातीवर खूण करायची. खूण कशानं? तर माझ्या नेलपॉलिशनं! नव्या नवरीच्या ट्रंकेतली बाटली, माझ्या नखाला एकदा लागली असेल नसेल. बाकी सगळी तालुक्याच्या प्लगांना लागली.

भांडले मी, नाही असं नाही. चुलीवरून तर रोजच. त्या टू-स्ट्रोक गाड्यांमध्ये पेट्रोलबरोबर ऑइल टाकावं लागायचं, ते ऑइल प्लगवर चढून बसायचं आणि हे तो काळाकिट्ट प्लग भाजायला थेट माझ्या चुलीत आणून ठेवायचे. मी पोळी टाकायला वळावं तर तव्याच्या बाजूला प्लग. “हा काय पापड आहे का?” मी ओरडायचे. “जळू दे थोडा, जळू दे,” हे म्हणायचे, आणि माझ्याच चिमट्यानं उचलून न्यायचे.

पण काय दिवस होते हो ते! कापूस निघाला की गावागावांतून गाड्या यायच्या. गिरडच्या यात्रेआधी तर आमच्या टिनापासून रांग लागायची ती बसस्टँडच्या फाटकापर्यंत, एसटीचे ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून शिव्या द्यायचे. फरीदबाबाची टेकडी मागे बायको, पुढे टाकीवर पोर बसवून चढायची असायची ना! “मिस्त्री, कट मारून द्या” हे एवढंच जो तो म्हणायचा. गाडी ठीक झाली की हे एकदा मूठ पिळायचे, डोळे मिटायचे आणि मान तिरकी करून उभे राहायचे. सगळी रांग चूप. मग डोळे उघडून म्हणायचे, “जाय.” त्यांनी ‘जाय’ म्हटलेली गाडी वाटेत बंद पडली, असं कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही.

आमचं स्वयंपाकघर गॅरेजच्या भिंतीला लागूनच. मी काही ऐकायला जात नव्हते, पण आवाज कानात शिरायचे त्याला काय करणार. होता होता मला गाड्या ओळखू यायला लागल्या. भूपेंद्र गुरुजींची आली की मी चहाचं आधण ठेवायचे, ते दारात येईतो उकळी. एकदा असंच पीठ मळता मळता मी आतून ओरडले, “अहो, ती अजून तुटते आहे!” गाडी आत कुठेतरी बारीक तुटत होती, चालता माणूस दगडाला नखभर ठेचकाळावा तशी. बाहेर गाडी बंद झाली. मग हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, हातात पाना.

“तुले समजलं?”

“म्हणजे काय, समजणार नाही का? कान आहेत मला.”

ह्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ना, तसं माझ्या पुरणपोळीकडेसुद्धा कधी पाहिलं नव्हतं. लग्नातली माझी बनारसी वाया गेली, नेलपॉलिश वाया गेलं, आणि पिठानं भरलेल्या हातांनी उभी असताना ह्या माणसाला मी दिसले. त्या दिवसापासून मला समुद्रपूर आवडायला लागलं. खरंच सांगते.

मग दिवस पालटले. नव्या गाड्या आल्या, त्यांच्या पोटात कॉम्प्युटर, त्यांच्या प्लगाला हात लावायचं काम नाही. हे म्हणायचे, “आजकालच्या गाड्यायले आवाजच नाई.” मीही म्हणायचे, खरं आहे बाई. मला वाटायचं, म्हातारपणी सगळ्यांना मागचंच गोड लागतं, त्यातलं हे. ह्यांचं ऐकणंच आटत चाललं आहे, हे मला कुठे माहीत! जन्मभर सायलेन्सरशी कान लावून बसलेला माणूस, दुसरं काय होणार? गॅरेजमध्ये सगळेच ओरडून बोलतात, म्हणून कुणाला कळलंही नाही.

भूपेंद्र गुरुजींनी एक दिवस त्यांची जुनी गाडी आणली. ह्यांनी प्लग काढला, कानस मारली, बसवला, मूठ पिळली, डोळे मिटले, मान तिरकी केली. सगळं तसंच. आणि गाडी अशी तुटत होती की आंधळ्यालाही दिसावी. “जाय,” हे म्हणाले. गुरुजी बिचारे भिडेचे, गेले. मी आत उभी, कणीक तशीच परातीत.

दुपारी जेवायला बसले तेव्हा मी सांगितलं. आधी हे हसले. मग ताट सरकवलं. मग म्हणाले, “तुले काय समजते त्यातलं?” शेवटी खाली बघत म्हणाले, “कशी वाजून राह्यलती?”

मी तोंडानं आवाज काढून दाखवला. त्यांना तो धड ऐकू आला नाही. मग मी त्यांचा हात ओढून घेतला, भाताचा हात, आणि तळव्यावर बोटांनी वाजवून दाखवलं. टक टक टक टक, आणि इथे नाही. टक टक टक, आणि इथे नाही. हे तळव्याकडे बघत राहिले. उठले, सायकल काढली, उन्हात गुरुजींच्या घरी गेले आणि गाडी परत घेऊन आले. मी खांद्यावर हात ठेवून उभी राहिले ती त्या दुपारी पहिल्यांदा.

गुंजननं नागपूरला नेऊन कानाचं मशीन बसवून दिलं. ते घातलं की इंजिन ह्यांना डब्यात खडे हलवल्यासारखं वाजतं. म्हणून मशीन फक्त परगावच्या लग्नकार्याला, तेही कानावर रुमाल बांधून. गॅरेजमध्ये मी. लोक चेष्टा करतात, करू देत. म्हातारपणी बाई नवऱ्याला चिकटून असते म्हणतात. मी वर दोन शब्द लावून देते. ह्यांची लाज राखायची तर माझी थोडी गेली, त्यात काय बिघडलं?

तर त्या दिवशीचं सांगत होते.

पुनाजी धुर्वे गिरडकडचे. जंगलात तेंदूपत्ता तोडणं, कूपकटाईची लाकूडतोड, मिळेल ते करत संसार केला आणि एका वनरक्षकाकडून ही जुनी टू-स्ट्रोक घेतली, तेव्हापासून तिचे डॉक्टर हे. आता अशी गाडी चालवणारे हाताच्या बोटांवर राहिलेत. लेकीला मूल झालं म्हणून नवराबायकोला बाबाच्या टेकडीवर नवस फेडायला जायचं होतं. मागच्या खेपेला गाडी चढावरच बसली आणि धुरपताबाईला गुडघे धरून वर चालत जावं लागलं. मुलगा लखन, हिंगणघाटला कामाला असतो, तो तेव्हापासून बापाच्या मागे लागला होता, की ही भंगारात द्या आणि मी नवी घेऊन देतो.

“मिस्त्रीच्या हातून जाऊ दे एकदा,” पुनाजीभाऊ आल्या आल्या म्हणाले. “त्याच्यावर बी नाई चढली त देतो भंगारात. मिस्त्री, तुमचा कान अन् माहा नवस.”

‘कान’ म्हणताना त्यांनी स्वतःच्या कानाला हात लावला, म्हणून ह्यांना ते बरोबर कळलं. हे छाती काढून उभे राहिले.

प्लग काढला, भाजला, शिंगाला कानस मारली, वायसर बदलली. गाडी चालू केली. आणि मघाशी सांगितलं तशी मी बोटं वाजवत उभी राहिले. छान वाजत होती. पाण्याच्या धारेसारखा एकसारखा आवाज, कुठे खाच नाही. ह्यांनी मूठ पिळली, डोळे मिटले, मान तिरकी केली. माझं बोट एकदाही उचललं गेलं नाही.

“जाय,” हे म्हणाले, आणि फडक्याला हात पुसायला लागले.

आईबापाबरोबर आलेला आणि फोनवर बोलत बसस्टँडकडे गेलेला लखन तेवढ्यात परत आला. आला तो दारातच थबकला. मान तिरकी केली.

“काका, तुटून राह्यली ना अजून.”

हे पाठमोरे. हात पुसत होते.

“काका! तुटून राह्यली म्हनलं गाडी. आयकू येत नाई का तुमाले?”

हे वळले ते नेमके शेवटच्या शब्दांना, आणि ते शब्द ह्यांनी त्याच्या ओठांवर वाचले. ह्यांचा चेहरा असा झाला की मी तो पुन्हा बघायला तयार नाही. बाजारात धोतर सुटलेल्या माणसाचा होतो तसा. फडकं हातात तसंच राहिलं.

मी लखनच्या अंगावरच गेले. “तुले लय आयकू येते बापा! फोन कानाले लावून लावून कान बिघडले तुमचे. मिस्त्रीनं जाय म्हनलं म्हनजे झालं ना?”

“अवो काकू, तुमीच आयका ना.” तो काही उद्धट पोरगा नाही. पुढे येऊन त्यानं मूठ पिळून धरली. “हे पाहा. हे… हे पाहा. आलं ना?”

मी ऐकलं. नीट, जीव कानात आणून ऐकलं. गाडी धारेसारखी वाजत होती. मी पुनाजीभाऊंकडे पाहिलं, ते आपल्या चपलांकडे बघत होते. धुरपताबाईकडे पाहिलं. ती लखन ‘हे पाहा’ म्हणण्याच्या जरा आधीच पापण्या मिटत होती. प्रत्येक वेळी.

मग मला कळलं. त्यांना सगळ्यांना ऐकू येत होतं आणि मला येत नव्हतं.

गुंजन फोनवर म्हणायची, आई, मी दोनदा सांगितलं तुला. टीव्हीचा आवाज केवढा असतो तुमच्याकडे! मी म्हणायचे, तुझ्या बाबांसाठी गं. कुकरच्या शिट्ट्या राहून जायच्या, दूध उतू जायचं, दारावर माणूस ताटकळायचा, आणि मी सगळं ह्यांच्याच नावावर घालत आले. आम्ही दोघं एकाच भिंतीच्या दोन बाजूंना जन्मभर राहिलो, तोच आवाज दोघांच्या कानांत शिरला. मला कसं सुचलं नाही? आणि ह्यांनी आत्ता माझ्या बोटांवर विश्वास ठेवून ‘जाय’ म्हटलं होतं.

हे माझ्याकडे बघत होते. फक्त माझ्याकडे. मी ‘गाडी बरोबर आहे’ म्हटलं असतं तर हे लखनशी भांडले असते, ‘तुटते’ म्हटलं असतं तर प्लग काढला असता. मी दोन्हीपैकी काय म्हणणार? मला तिथेच त्या ऑइलच्या मातीत बसून भोकाड पसरावंसं वाटलं.

धुरपताबाई उठली. गुडघ्यावर हात टेकून, कण्हत उठली. लखनला आपल्या घरच्या आदिवासी भाषेत काहीतरी म्हणाली. मला ते कळलं नाही, पण लेकरांना कामाला पिटाळायचा सूर सगळ्या भाषांत एकच असतो. लखन कुरकुरत चहा सांगायला गेला. मग नवऱ्याला म्हणाली, “तुमी मूठ धरून ठेवा. सोडू नोका.” आणि येऊन माझ्या मागे उभी राहिली.

“बाई, तुमी होत्या तशाच राहा,” ती माझ्या कानाशी म्हणाली. “हात ठेवा त्यायच्या खांद्यावर.”

मी ठेवला. काही न समजता ठेवला. आणि माझ्या पाठीवर तिची बोटं वाजायला लागली. टक टक टक टक टक… आणि उचललं. टक टक टक टक… आणि उचललं. बारीकशी खाच, नखभर. पहिल्या एकदोन वेळा मी नुसती उभीच. मग माझी बोटं आपोआप चालायला लागली. तिच्याकडून माझ्याकडे, माझ्याकडून ह्यांच्याकडे.

ह्यांचा खांदा ताठ होता तो ढिला पडला. “हां,” हे म्हणाले. “हाय. हाय थोडीशी. पोट्टा बरोबर म्हनते.” आणि लगेच पाना शोधायला वाकले. आपली चूक झाली, याचं वाईट वाटण्यापेक्षा दुखणं सापडलं याचाच आनंद. असला माणूस आहे हा.

हे प्लग काढण्यात गुंतले तेव्हा मी वळून धुरपताबाईला विचारलं, “तुम्हाले कसं समजलं?”

“गाडीवर मांग बसलं की बोललेलं कोठी आयकू येते वो? वारा असते. मी यायच्या पाठीवर हातानंच सांगतो. हळू चाल, थांब, समोर गड्डा आहे.” ती पदरात हसली. “तुमच्या बोटायचं काम मले मागच्या खेपेले इथी आलो तवाच समजलं.”

“मंग बोलल्या काऊन नाई?”

“कायले बोलू?” ती म्हणाली.

ह्यांनी शिंगाला आणखी एक-दोन हात कानस मारली, फुंकर घातली. एक पातळ वायसर टाकून प्लगाचं तोंड किंचित फिरवलं. पुन्हा गाडी चालू, पुन्हा धुरपताबाईची बोटं माझ्या पाठीवर. अजून एकदा खाच आली, पण लांबून लांबून. पुन्हा प्लग बाहेर. मला वाटलं ह्यांना कंटाळा येईल, पण ह्यांच्या कपाळावर घाम आणि डोळ्यांत ते जुनं काहीतरी, रांग बसस्टँडपर्यंत असतानाचं. शेवटच्या वेळी तिचं बोट उचललंच गेलं नाही. माझंही नाही. पुनाजीभाऊंनी मूठ पिळून पिळून पाहिली. हे डोळे मिटून मान तिरकी करून उभे, त्यांच्यामागे मी, माझ्यामागे धुरपताबाई. रस्त्यावरून कुणी पाहिलं असतं तर म्हणाला असता, म्हातारी माणसं आगगाडी आगगाडी खेळून राह्यली.

लखन चहा घेऊन आला, दारात थबकला, ऐकलं. “आता जमली ना, काका!”

“तूच सांगतलं म्हनून,” हे म्हणाले. “जाय.”

चहा झाला. पुनाजीभाऊंनी किक मारली, धुरपताबाई एका बाजूला पाय सोडून मागे बसली, आणि तिनं नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली तशी गाडी निघाली. मागून लखन त्याच्या नव्या गाडीवर. हे रस्त्यापर्यंत पोचवायला गेले. मीही गेले. वळणावर कापसाच्या जिनिंगच्या कंपाउंडामागे दोन्ही गाड्या दिसेनाशा झाल्या, नुसता धूर रेंगाळला.

“धुरपताबाईचा हात हलका आहे,” हे रस्त्याकडे बघतच म्हणाले.

मी चमकले. “म्हणजे?”

“तुह्या बोटायची चाल मले मालूम नाई का? आज दुसरीच होती.”

मग मला राहवलं नाही. मी त्यांच्या समोर येऊन उभी राहिले, म्हणजे ओठ दिसावेत, आणि सांगून टाकलं. “मला आलं नाही हो ऐकू. लखन म्हणत होता तरी नाही आलं. माझेही गेले कान. आता तुमचं कसं होणार?” बोलता बोलता रडू फुटलं ते फुटलंच. भर रस्त्यात. एसटीतून उतरलेली माणसं बघत होती.

समजूत घालणं ह्यांना कधी जमलंच नाही. फडक्याचा एक कोपरा त्यातल्या त्यात स्वच्छ होता, तो काढून माझ्या हातात दिला. त्याला पेट्रोलचा वास होता. मी डोळे पुसले.

“कुठवर गेली असन?” ह्यांनी विचारलं.

मी बघत राहिले. रस्ता रिकामा होता. मला काही ऐकू येत नव्हतं, आणि येत नाही हे आताच ह्यांना सांगून झालं होतं.

“सांग ना,” हे म्हणाले, आणि डोळे मिटून मान माझ्याकडे तिरकी केली.

मी टाचा उंचावून त्यांच्या कानाशी तोंड नेलं. “नाल्याच्या पुलावर आहेत,” मी मोठ्यानं म्हटलं. “आता सरळ रस्ता लागला. टॉप गिअरमधी टाकली त्यायनं.”

“तुटते का?”

“नाई.”

“अन् चढावर?”

गिरडची टेकडी इथून कोसभर का आहे! तिथला आवाज देवाच्या कानालाही इथे यायचा नाही, आणि हे ह्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक.

“चढावर लागली,” मी ओरडून सांगितलं. “धुरपताबाई बसूनच आहे मांगं. ओढून राह्यली गाडी. ओढून राह्यली.”

हे ऐकत होते.